घराण्यात आहे म्हणजे काय?



या व्याख्यानमालेतलं आजचं पुष्प ज्यांच्या स्मृतीला वाहिलं आहे, त्यांच्या घरच्यांनी मला विषयाची पूर्ण मोकळीक दिली. एकच अपेक्षा सांगितली: घराघरांत जे दबक्या आवाजात बोललं जातं, त्याबद्दल मोठ्यानं बोला. मी मानसोपचाराचं काम करते, त्यामुळे दबक्या आवाजातलं बोलणं ऐकण्यातच माझा दिवस जातो. पेशंट तपासून होतो, चिठ्ठी लिहून होते, मंडळी उठतात आणि मग बरोबर आलेलं कुणीतरी दार लोटून पुन्हा आत येतं. कधी बहीण, कधी बायको, कधी ज्याचं लग्न ठरायचं आहे असा धाकटा भाऊ. आणि विचारतं, ‘डॉक्टर, हे घराण्यात उतरतं का?’

स्किझोफ्रेनियाच्या बाबतीत या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ असंच आहे. ते लपवण्यात अर्थ नाही. पण या ‘हो’चा जो अर्थ घरं घेतात तो बहुतेक वेळा चुकतो. त्या चुकीच्या अर्थापायी आजार लपवला जातो, उपचार लांबतात, ठरलेली लग्नं मोडतात आणि धडधाकट भावंडं आयुष्यभर स्वतःकडे संशयानं बघत राहतात. घरातल्या आजाराची माहिती नवा आजार लवकर ओळखायला आणि लवकर उपचार सुरू करायला वापरायची असते. स्थळ नाकारायला ती वापरणं याला विज्ञानाचा आधार नाही. एवढंच मला आज सांगायचं आहे, पण ते पटवायला थोडी आकडेमोड करावी लागेल.

आधी आजाराविषयी. एका शरीरात दोन माणसं राहतात असं सिनेमात दाखवतात, ते स्किझोफ्रेनियात होत नाही. इथे माणसाला कुणी नसताना आवाज ऐकू येतात, आपल्यावर पाळत आहे, जेवणात काही घातलं आहे अशी खात्री वाटू लागते, बोलण्याचा धागा तुटतो. आणि घरच्यांना सर्वांत उशिरा कळणारा भाग म्हणजे उमेद आटत जाते. अंघोळ, मित्र, अभ्यास, नोकरी हळूहळू सुटत जातं आणि घर त्याला आळशी म्हणत राहतं. मुलांमध्ये हे बहुधा अठरा ते पंचवीस या वयात सुरू होतं, मुलींमध्ये थोडं उशिरा.

बंगळूरच्या निम्हान्सनं २०१५-१६ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं. त्यात स्किझोफ्रेनिया आणि तशा स्वरूपाचे आजार प्रौढांमध्ये त्या घडीला सुमारे ०.४ टक्के आणि आयुष्यात कधीतरी होऊन गेलेले १.४ टक्के आढळले. या सर्वेक्षणात १२ राज्यं होती, त्यांत महाराष्ट्र नव्हता. तरी तेच प्रमाण धरलं, तर २०११ च्या जनगणनेत ६१ लाख लोकसंख्या असलेल्या आपल्या नाशिक जिल्ह्यात आज आजारी असलेली माणसं माझ्या अंदाजानं पंधरा हजारांच्या आसपास निघतात. मालेगावपासून इगतपुरीपर्यंत असं एकही मोठं गाव नसेल जिथे हा आजार नाही. महाराष्ट्रात चार प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत: ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी. उत्तर महाराष्ट्रात एकही नाही. राज्यभराच्या डॉक्टरांना पदव्या देणारं आरोग्य विज्ञान विद्यापीठ मात्र १९९८ पासून आपल्या गावात आहे. या दोन गोष्टींमधलं अंतर मला अस्वस्थ करतं.

आता आनुवंशिकतेचे आकडे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अर्व्हिंग गॉट्समन यांनी युरोपातल्या कित्येक दशकांच्या कुटुंब-अभ्यासांचे आकडे एकत्र केले आणि १९९१ साली पुस्तकात मांडले. सर्वसाधारण माणसाला हा आजार होण्याची आयुष्यभरातली शक्यता शंभरात एक. चुलत-मामे भावंडाला असेल तर शंभरात दोन. सख्ख्या भावाबहिणीला असेल तर नऊ. आई किंवा वडील यांच्यापैकी एकाला असेल तर तेरा. दोघांनाही असेल तर सेहेचाळीस. आणि हुबेहूब जुळ्यांपैकी एकाला असेल तर दुसऱ्याला अठ्ठेचाळीस. पुढे डेन्मार्कमध्ये सबंध देशाच्या रुग्णनोंदी तपासल्या, तेव्हा आकडे आणखी खाली आले. २०१० सालच्या त्या अभ्यासात आई-वडिलांपैकी एकाला आजार असलेल्या मुलांमध्ये प्रमाण ७ टक्के निघालं आणि दोघांनाही असलेल्यांमध्ये २७ टक्के.

तेरा टक्के धरा की सात टक्के, मी समोरच्या बहिणीला किंवा मुलाला तोच आकडा उलटा करून सांगते. आई आजारी असलेल्या शंभर मुलांपैकी सत्त्याऐंशी ते त्र्याण्णव मुलांना हा आजार होत नाही. ही सजावट नाही, तेच गणित आहे. पण भीतीच्या भरात माणूस शंभरातले सात मोजतो.

गॉट्समन यांच्याच मांडणीतला आणखी एक आकडा लोकांच्या कानावर येत नाही, आणि मला तो सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. स्किझोफ्रेनिया झालेल्या शंभर माणसांपैकी सुमारे त्रेसष्ट जणांच्या जवळच्या नात्यात, म्हणजे आईवडील, भावंडं, मुलं, आजीआजोबा, काकामामा, आत्यामावशी यांच्यात, हा आजार कुणालाच नसतो. आणि एकोणनव्वद जणांच्या आईवडिलांना तो नसतो. म्हणजे ज्या घरात ‘आमच्याकडे असलं काही नाही’ असं छातीठोकपणे सांगितलं जातं, बहुतेक पेशंट त्याच घरांतून येतात. हा आकडा लक्षात ठेवा, मी पुन्हा त्याच्याकडे येणार आहे.

टक्केवारीला वयही असतं. जन्मलेल्या बाळासाठी तेरा टक्के म्हणजे सबंध आयुष्यातली शक्यता. धोक्याची वर्षं जशी सुखरूप जातात तशी ती घटत जाते, आणि पस्तिशी ओलांडलेल्या भावासाठी ती बरीच कमी उरलेली असते. हाँगकाँगच्या जिल्हा न्यायालयात २००० साली हाच मुद्दा निघाला. तिथल्या सरकारी गणवेशधारी सेवांनी तीन तरुणांना नोकरी नाकारली होती, कारण तिघांच्याही आईला किंवा वडिलांना स्किझोफ्रेनिया होता. तिघंही स्वतः निरोगी. न्यायालयानं तज्ज्ञांकडून वयानुसार उरलेली शक्यता समजून घेतली, तेवढ्यावरून हे तरुण जनतेच्या सुरक्षेला धोका ठरत नाहीत असं म्हटलं आणि निकाल त्यांच्या बाजूनं दिला. आपल्याकडे असा खटला झाल्याचं मला आठवत नाही. आपल्याकडे हा निवाडा कांदेपोह्यांच्या बैठकीत होतो आणि त्यावर अपील नसतं.

पण आजार घरात दिसतो तो रक्तातून आला की राहणीतून, हे कळलं कसं? आईजवळ वाढलेलं मूल आईचे जनुकही घेतं आणि आईचं वागणंही बघतं. लेनर्ड हेस्टन या अमेरिकन डॉक्टरांनी १९६६ साली याचं उत्तर शोधलं. ऑरेगन राज्यातल्या मनोरुग्णालयांत असलेल्या आजारी मातांची ४७ मुलं त्यांनी हुडकून काढली. जन्मानंतर तीन दिवसांच्या आत ती आईपासून दूर गेली होती, परक्या घरी किंवा अनाथालयात वाढली होती. मोठेपणी त्यांच्यापैकी ५ जणांना स्किझोफ्रेनिया झाला. तशाच परिस्थितीत वाढलेल्या, पण निरोगी मातांच्या ५० मुलांपैकी एकालाही झाला नाही.

या पाच माणसांनी एका मोठ्या अन्यायाला उत्तर दिलं. त्या काळात पाश्चात्त्य मानसोपचारात असं मानलं जाई की आईच्या थंड, विक्षिप्त वागण्यानं मुलाला हा आजार होतो. १९४८ पासून या कल्पनेनं दोन पिढ्यांच्या आयांना गुन्हेगार ठरवलं होतं. आनुवंशिकतेच्या संशोधनानं त्यांची सुटका केली. आपल्याकडे मात्र तेच ज्ञान घरात आलं ते दुसरा आरोप घेऊन: ‘हिच्या माहेरचं रक्त.’ मुलाचे निम्मे जनुक वडिलांचे असतात, हे सांगितल्यावर चेहरे कसे बदलतात ते मी खूपदा पाहिलं आहे. शिवाय वडिलांचं वय जितकं जास्त, तितके शुक्रपेशींत नवे बदल साचतात आणि मुलाची शक्यता थोडी वाढते. इस्रायलमधल्या २००१ सालच्या अभ्यासात पन्नाशीनंतर बाप झालेल्यांच्या मुलांत प्रमाण सुमारे तिप्पट होतं. माहेर शोधणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावं.

रक्त म्हणजे विधिलिखित नाही, हे जुळ्यांनी दाखवलं. हुबेहूब जुळ्यांचे जनुक एकच, तरी दुसरा आजारी पडतो तो निम्म्याहून कमी वेळा. डेन्मार्कच्या २०१८ सालच्या जुळ्यांच्या अभ्यासात तर तिघांमागे एकदाच. अमेरिकेत १९३० साली जन्मलेल्या चार हुबेहूब बहिणींची गोष्ट मानसोपचाराच्या पुस्तकांत प्रसिद्ध आहे. चौघींनाही स्किझोफ्रेनिया झाला, म्हणून आनुवंशिकतेचा पुरावा म्हणून त्यांचं नाव घेतात. पण त्यातली एक जन्मभर गंभीर आजारी राहिली, तर दुसरीनं नोकरी केली, लग्न केलं, मुलं वाढवली. जनुकांचा संच तोच, घरही तेच, आणि आयुष्यं इतकी वेगळी. मला त्या चौघींच्या सारखेपणापेक्षा हा फरक जास्त शिकवतो.

मग तो जनुक कोणता? तीस वर्षांपूर्वी आम्हाला वाटत होतं की एखादा मुख्य जनुक सापडेल. स्कॉटलंडमधल्या एका मोठ्या कुटुंबात पहिल्या आणि अकराव्या गुणसूत्राच्या तुकड्यांची अदलाबदल झाली होती आणि पिढ्यान्‌पिढ्या मानसिक आजार होते. तिथून २००० साली डिस्क-वन हा जनुक पुढे आला आणि मोठा गाजावाजा झाला. पण त्या कुटुंबाबाहेरच्या सर्वसाधारण रुग्णांमध्ये तो फारसा उपयोगी पडला नाही. खरं चित्र उलगडलं ते जगभरच्या संशोधकांनी आपले नमुने एकत्र केले तेव्हा. २०१४ साली सुमारे ३७ हजार रुग्णांच्या तपासणीतून जनुकसंचातल्या १०८ जागा सापडल्या. २०२२ साली ७६ हजारांहून अधिक रुग्ण आणि दोन लाख ४३ हजारांहून अधिक निरोगी माणसं तपासली, तेव्हा त्या २८७ झाल्या. यातल्या प्रत्येक जागेवरचा बदल शक्यता अगदी किंचित वाढवतो. आणि यातले कितीतरी बदल आत्ता इथे बसलेल्या तुमच्या-माझ्यात आहेत. या आजाराच्या बाबतीत पूर्ण ‘स्वच्छ’ असा एकही माणूस जगात नाही.

हे नाशिककरांना समजावून सांगायला मला दुतोंड्या मारुतीपेक्षा चांगलं काही सुचत नाही. गोदावरीला पाणी किती आलं, हे आपण मारुतीच्या अंगावरून ओळखतो: कमरेला लागलं, छातीशी आलं, डोक्यावरून गेलं. ते पाणी त्र्यंबकच्या डोंगरावरच्या पावसाचं असतं, गंगापूर धरणातून सोडलेलं असतं, शहरातल्या शेकडो नाल्या-ओहोळांचं असतं. पातळी एका खुणेच्या वर गेली की ते घाटावरच्या दुकानांत शिरतं. त्यातला नेमका कुठल्या ओहोळाचा थेंब दुकानात शिरला, हा प्रश्नच निरर्थक आहे. स्किझोफ्रेनियाचा धोका असाच साचतो. शेकडो जनुकीय बदलांचं थोडं थोडं पाणी, त्यात गर्भावस्थेतली उपासमार, बाळंतपणातली गुंतागुंत, पोरवयातला गांजा, लहानपणचा छळ, परमुलखातलं एकटेपण. आजारी आईच्या मुलाच्या नदीला सुरुवातीपासून पाणी थोडं जास्त असतं, इतकंच. ते खुणेच्या वर जाईलच असं नाही. आणि ज्याच्या घराण्यात कुणीच आजारी नव्हतं, त्याच्याकडेही सगळे ओहोळ एका वर्षी भरून येऊ शकतात.

या शेकडो जागांपैकी एकीबद्दल थोडं सांगते, कारण तिथून आजाराचं यंत्र प्रथमच डोळ्यांना दिसलं. सहाव्या गुणसूत्रावर सी-फोर नावाचा जनुक आहे. तो मुळात रोगप्रतिकाराच्या कामातला. २०१६ साली हार्वर्डच्या स्टीव्हन मॅककॅरोल यांच्या गटानं दाखवलं की या जनुकाचे जे प्रकार मेंदूत सी-फोर अधिक बनवतात, ते असणाऱ्यांत स्किझोफ्रेनियाचं प्रमाण थोडं अधिक असतं. पौगंडावस्थेत मेंदू आपल्या पेशींमधले नको असलेले जोड छाटून टाकतो, ही नैसर्गिक गोष्ट आहे. उंदरांवरच्या प्रयोगांत सी-फोर या छाटणीत भाग घेताना दिसला. ही छाटणी गरजेपेक्षा जास्त झाली तर? हा आजार विशीच्या आसपासच का उगवतो, या जुन्या कोड्याला त्यातून एक पटण्याजोगी दिशा मिळाली. आईनं दृष्ट काढली नाही म्हणून, प्रेमभंग झाला म्हणून, परीक्षेचा ताण झाला म्हणून असं जे आपण सांगत असतो, त्याच्या खाली एवढं मोठं जैविक काम चाललेलं असतं.

छोट्या धाग्यांच्या या पसाऱ्यात काही जाड दोरही आहेत. बाविसाव्या गुणसूत्राचा एक छोटा तुकडा जन्मतःच नसणं, हे साधारण चार हजार बाळांमागे एकात आढळतं. अशा बाळांना हृदयात दोष, टाळूत फट किंवा चिरका, नाकातला आवाज, रक्तात कॅल्शियम कमी अशा तक्रारी असू शकतात, आणि मोठेपणी सुमारे चौथ्या हिश्शाला सायकोसिसचा, म्हणजे स्किझोफ्रेनियासारखा भ्रम-भासांचा, आजार होतो. म्हणून माझी विनंती आहे की तरुण पेशंटचं लहानपणी हृदयाचं किंवा टाळूचं ऑपरेशन झालं असेल तर ते मानसोपचारतज्ज्ञाला आवर्जून सांगा. इथे जनुकीय तपासणीला खरा अर्थ आहे, कारण निदान बदलतं, कॅल्शियम आणि हृदय तपासायचं सुचतं. बाकी पेशंटसाठी रक्त किंवा थुंकी पाठवून ‘स्किझोफ्रेनियाचा धोका’ सांगणाऱ्या तपासण्यांवर कृपा करून पैसे घालवू नका. शेकडो जागांची बेरीज करून काढलेले आजचे गुण एका माणसाचं भविष्य सांगण्याइतके पक्के नाहीत. शिवाय ते मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांवरून बेतलेले आहेत, आपल्याकडे आणखीच लंगडे पडतात.

आपल्या लोकांवरचं संशोधन नाहीच, असं मात्र नाही. चेन्नईच्या स्कार्फ या संस्थेनं, जी डॉ. शारदा मेनन यांनी १९८४ साली उभी केली, ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंडच्या संशोधकांबरोबर दक्षिण भारतातल्या सुमारे तीन हजार माणसांचे नमुने तपासले. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात आठव्या गुणसूत्रावरच्या, नायसिन या जीवनसत्त्वाच्या वापराशी निगडित अशा एका जनुकाकडे बोट दाखवलं गेलं. नायसिनच्या अभावानं पेलाग्रा होतो आणि त्यात भ्रमही होतात. दख्खनमध्ये फक्त ज्वारीवर जगणाऱ्यांत तो दिसे, हे हैदराबादच्या डॉ. गोपालन यांनी १९६० च्या सुमारास दाखवलं होतं. दोन्ही धागे जुळतात का, हे ठरायला वेळ लागेल. म्हणून कुणी घरी जाऊन मुलाला नायसिनच्या गोळ्या सुरू करू नयेत, आणि भाकरीही सोडू नये!

आपल्या समाजाची आणखी एक गोष्ट जनुकशास्त्रज्ञांना महत्त्वाची वाटते. आपण शतकानुशतकं पोटजातीत लग्नं करत आलो. हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेतल्या कुमारसामी थंगराज यांचा सहभाग असलेल्या २०१७ सालच्या अभ्यासात दक्षिण आशियातल्या अडीचशेहून अधिक गटांपैकी ८१ गटांचे पूर्वज इतके थोडे निघाले, की त्यांच्यात काही दुर्मीळ आनुवंशिक आजार साचण्याची शक्यता बरीच जास्त आहे. स्किझोफ्रेनिया अशा एका जनुकाच्या आजारांतला नाही. पण आजार असलेल्या घराण्यात पुन्हा मामाच्याच मुलीशी लग्न करणं मी टाळायला सांगते. गंमत बघा: त्याच घराण्यातल्या मुलाचं पूर्णपणे परक्या घरी ठरलेलं लग्न लोक मोडतात, आणि नात्यातलं लग्न मात्र ‘घरातलं घरात राहील’ म्हणून लावतात. आनुवंशिकतेचा विचार करायचाच, तर तो नेमका उलटा व्हायला हवा.

‘असल्या लोकांनी मुलंच होऊ देऊ नयेत’ हे वाक्य मी सुशिक्षित तोंडून ऐकलेलं आहे. ते वाक्य नवं नाही. म्युनिकच्या एर्न्स्ट रुडिन यांनी १९१६ साली रुग्णांच्या भावंडांची मोजणी प्रसिद्ध केली होती, आणि एका जनुकाचं साधं गणित त्यांनाही जुळलं नव्हतं. तरी तेच रुडिन १९३३ च्या जर्मन नसबंदी कायद्याचे आधारस्तंभ झाले. त्या कायद्याच्या यादीत स्किझोफ्रेनिया नावानिशी होता. सुमारे चार लाख माणसांची सक्तीनं नसबंदी झाली, आणि १९४०-४१ मध्ये सत्तर हजारांच्या आसपास रुग्णांना वायूनं मारलं गेलं. एवढा संहार होऊन पुढे काय झालं? युद्धानंतर जर्मनीत नव्यानं आजारी पडणाऱ्यांचं प्रमाण घटल्याचं दिसलं नाही. मघाचा त्रेसष्टचा आकडा आठवा. बहुतेक पेशंट ज्या घरांत जन्मतात त्या घरांत आधी कुणी आजारी नव्हतंच, तर आजारी माणसांची मुलं रोखून आजार थांबणार कसा?

आपण या विचारापासून अलिप्त होतो असंही नाही. सुप्रजननाची चर्चा विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मराठीत हिरिरीनं चाले. ना. सी. फडके यांनी १९२७ साली त्या चळवळीच्या बाजूनं इंग्रजीत पुस्तक लिहिलं. आणि १९९४ साली शिरूरच्या सरकारी वसतिगृहातल्या बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलींची गर्भाशयं पुण्यात काढली गेली, तेव्हा महाराष्ट्र हादरला होता. तो प्रश्न आनुवंशिकतेचा नव्हता, पण दुबळ्या माणसाच्या शरीराचा निर्णय दुसऱ्यांनी घ्यायचा, ही वृत्ती तीच. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं मानसिक आजारावरचा उपचार म्हणून नसबंदी करण्याला स्पष्ट बंदी केली, ही फार मोलाची गोष्ट आहे.

लग्नाचा कायदाही लोकांना वाटतो तसा नाही. हिंदू विवाह कायद्यात १९७६ च्या दुरुस्तीनंतर घटस्फोटाच्या कलमात स्किझोफ्रेनियाचं नाव आलं. पण सर्वोच्च न्यायालयानं १९८८ साली स्पष्ट केलं की आजाराचं नाव पुरेसं नाही, तो किती तीव्र आहे आणि एकत्र राहणं खरंच अशक्य झालं आहे का, हे पाहावं लागेल. आणि हा सगळा विचार लग्न करणाऱ्या व्यक्तीच्या स्वतःच्या आजाराचा आहे. तिच्या मामाचा, काकाचा, भावाचा आजार कायद्याला विचारायचा नाही. स्वतःला आजार असेल तर मात्र लग्नाआधी सांगावा, असं मी प्रत्येक पेशंटला सांगते. लपवून लावलेल्या लग्नात पहिली गोष्ट बंद होते ती गोळी, आणि मग सहा महिन्यांत सगळं उघडं पडतं. सांगून झालेली लग्नं टिकलेली मी पाहिली आहेत.

सांगण्याचं बळ काय असतं, याचं उदाहरण आपल्या शेजारच्या धुळ्यात जन्मलेल्या माणसानं घालून दिलं. डॉ. जगन्नाथ वाणी कॅनडात कॅलगरी विद्यापीठात संख्याशास्त्राचे प्राध्यापक होते. त्यांच्या पत्नीला स्किझोफ्रेनिया झाला. शक्यता आणि टक्केवारी हाच ज्यांचा व्यवसाय, त्यांना आपल्या घरातली ही घटना आकड्यांत बसवून मोकळं होणं सोपं होतं. परदेशातल्या मराठी वर्तुळात ती झाकून ठेवणं त्याहून सोपं होतं. त्यांनी दोन्ही केलं नाही. पत्नीचा आजार त्यांनी जाहीरपणे सांगितला, कॅनडातल्या शुभंकरांच्या, म्हणजे रुग्णांची काळजी वाहणाऱ्यांच्या, चळवळीत ते उतरले आणि तीच रीत महाराष्ट्रात आणली. पुण्याची स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन ही संस्था त्यांच्या पुढाकारानं १९९७ साली सुरू झाली. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘देवराई’ या २००४ सालच्या चित्रपटामागेही तेच होते. अतुल कुलकर्णी यांनी उभा केलेला त्यातला शेष अनेकांच्या लक्षात आहे. मला त्याची बहीण जास्त आठवते. भावाला आपल्या संसारात आणणारी, नवरा आणि भाऊ यांच्यामध्ये ओढली जाणारी. माझ्या खोलीत दार लोटून परत येते ती बहुतेक वेळा हीच बहीण असते.

वाणी २०१७ साली गेले. त्यांच्या या कामानं एक व्यावहारिक फरक पडला, तो मला वैद्यकाच्या बाजूनं मोलाचा वाटतो. जिथे शुभंकर एकमेकांशी बोलतात, तिथे आजार लवकर ओळखला जातो. पहिल्या लक्षणापासून पहिल्या उपचारापर्यंत जितका काळ जातो, तितका पुढचा सुधार कमी होतो, हे जगभरच्या अभ्यासांत दिसून आलं आहे. जनुक आपल्या हातात नाहीत. हा मधला काळ आपल्या हातात आहे, आणि तो आपल्याकडे महिन्यांत नाही, वर्षांत मोजावा लागतो. देवऋषी, उतारा, जागा बदलून पाहणं, ‘लग्न केलं की ताळ्यावर येईल’ यात तो जातो.

आता त्या बहिणीला मी काय सांगते ते तुम्हालाही सांगते. भाऊ आजारी आहे आणि तुम्हाला मूल हवं आहे, तर मूल होऊ द्या. भाच्याची शक्यता शंभरात चारच्या आसपास असते. स्वतः शुभार्थी असाल, म्हणजे हा आजार घेऊन जगत असाल आणि बरं वाटत असेल, तर डॉक्टरांशी बोलून गरोदरपण ठरवा, मनानं गोळ्या बंद करू नका. गरोदरपणात नीट जेवा. १९४४-४५ च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये उपासमार झाली, तेव्हा तिच्या ऐन काळात गर्भ राहिलेल्या मुलांत पुढे हा आजार दुप्पट दिसला. पेठ-सुरगाण्यातल्या गर्भार बाईच्या ताटाकडे लक्ष देणं हाही मानसिक आरोग्याचाच कार्यक्रम आहे, आणि तो जनुकाच्या कुठल्याही तपासणीपेक्षा स्वस्त आहे. फिनलंडच्या पेक्का तिएनारी यांनी आजारी मातांची, पण दत्तक गेलेली मुलं वर्षानुवर्षं पाहिली. शांत, मोकळ्या घरी वाढलेल्यांत आजाराचं प्रमाण ताणतणावाच्या घरांपेक्षा कितीतरी कमी निघालं. यावरून कुठल्याही आईबापाला दोष देऊ नका. ज्यांच्या मुलांना धोका जास्त आहे, त्यांना मदत जास्त हवी, एवढाच त्याचा अर्थ.

मूल चौदा-पंधराचं झालं की गांजाबद्दल स्पष्ट बोला. स्वीडनमध्ये सैन्यभरतीच्या वेळी तपासलेल्या सुमारे ४५ हजार तरुणांच्या अभ्यासात, जो १९८७ साली प्रसिद्ध झाला, पन्नासहून अधिक वेळा गांजा ओढलेल्यांत पुढे स्किझोफ्रेनिया सहापट आढळला. घराण्यात आजार असेल तर ‘सगळेच ओढतात’ हे तुमच्या मुलाला लागू नाही, आणि हे त्याला कारणासकट सांगायचं. पण ते सांगायचं तर मामाला काय झालं होतं, हे त्याला आधी माहीत असायला हवं. रात्री जागून दिवसा झोपू लागला, मित्र तुटले, मार्क घसरले, एकटाच हसतो, टीव्हीवर आपल्याबद्दल बोलतात म्हणतो, तर परीक्षा संपायची वाट पाहू नका. जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात किंवा जवळच्या तज्ज्ञाकडे त्याच आठवड्यात घेऊन या. जाणं जमत नसेल तर टेली मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक आहे. तो फुकट आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं.

आणि केसपेपरवर ‘कुटुंबात कुणाला मानसिक आजार?’ असा एक रकाना असतो. तिथे पहिल्या भेटीत जवळजवळ सगळे ‘नाही’ सांगतात, तिसऱ्या-चौथ्या भेटीत एखादी आत्या निघते, मग एखादा आजोबा, जे ‘साधू होऊन निघून गेले’. त्यांच्याबद्दल पहिल्याच दिवशी सांगा. त्यांना कुठलं औषध दिलं होतं आणि त्याचा गुण आला होता का, हे आठवत असेल तर तेही सांगा, जुनी चिठ्ठी असेल तर आणा. तेच औषध या पेशंटला आधी देऊन पाहावं का, हे ठरवायला आम्हाला त्याची मदत होते.

आता आपले प्रश्न घेऊ. ज्यांना उभं राहून विचारायचं नाही, त्यांनी चिठ्ठीवर लिहून पुढे द्या. नाव लिहू नका.